बंदराचे दीड, अंजूरचे पावणेतीन

आमच्या बोट डिटॅचमेंटला अंजूरला हलायचा हुकूम आला, तेव्हा कंपनीतले सगळे माझ्यावर हसले. "पाटील, सरकारनं तुला घरपोच सोडलं," म्हणाले. खोटं नव्हतं. अंजूर माझं गाव. भिवंडीहून रिक्षा, मग खारीच्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतांच्या, बांधावरून दहा मिनिटं चाल, की माझं घर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सिग्नल्सचा नाईक, तेरा वर्षं सर्व्हिस. एका इंजिनिअर फिल्ड कंपनीला मला जोडलं होतं. पावसाळ्यात पूर आला तर मुलकी प्रशासनाला मदत करायची, एवढंच काम. कंपनी भिवंडीत एका शाळेत उतरली होती. आमची डिटॅचमेंट खाडीवर, अंजूरच्या बंदराला. बंदर म्हणजे फार मोठं काही समजू नका. दगडी धक्का, चार होड्या आणि रेतीवाल्यांची एक रिकामी खोली. आम्ही चौदा माणसं. दोन असॉल्ट बोटी, त्यांच्यामागे लावायची दोन इंजिनं आणि एक वायरलेस सेट. सेट माझ्या ताब्यात.

लोक मला विचारतात, लढाई पाहिलीत का? नाही पाहिली. माझी नोकरी कानाला हेडफोन लावून गेली. दुसऱ्यानं सांगायचं, मी लिहायचं, तिसऱ्याला द्यायचं. वायरलेस ऑपरेटरएवढा एकटा माणूस फौजेत सापडायचा नाही. लंगरच्या स्वयंपाक्याकडेसुद्धा चार जण गप्पांना बसतात. आमच्याकडे कुणी आलं तर आम्हीच हात वर करून त्याला गप्प बसवतो. पलीकडून आवाज येत असतो ना.

अंजूरला रोजचा क्रम असा. सकाळी साडेपाचला उठणं. सहाला पहिलं बुलेटिन. दहाला दुसरं, संध्याकाळी सहाला तिसरं. भिवंडीहून कंपनीचा ऑपरेटर किनाऱ्याचं हवामान वाचायचा, मी शब्दन् शब्द उतरवून घ्यायचो. उत्तर महाराष्ट्र किनारा, पाऊस किती. वारा कुठल्या दिशेनं, किती वेगानं, झोत केवढा. समुद्राची स्थिती. मच्छीमारांना इशारा. आणि शेवटी हार्बरची, म्हणजे समुद्रावरच्या मोठ्या बंदराची, भरती-ओहोटी. लिहून झालं की कागद घेऊन डिटॅचमेंटच्या कॅप्टन साहेबांपुढे उभं राहायचं आणि वाचायचं. साहेब ऐकायचे, मान हलवायचे. संपलं. मी परत खोलीत.

त्या खोलीच्या खिडकीतून माझं घर दिसायचं. पाऊस उघडला तर दारातली तुळससुद्धा दिसायची. पण सेट सोडून जायची परवानगी नाही. दुसरा ऑपरेटर नव्हता. महिन्यात एकदा, रविवारी, दोन तास सोडलं. बाकी दिवस बायको अंगणात कपडे वाळत घालताना मी बघायचो आणि तिला माहीत असायचं की मी बघतोय. तिनं कधी हात केला नाही, मीही नाही. चौदा माणसांत तसलं काही केलं की महिनाभर चेष्टा.

लान्स नाईक सोपान काटकरची आणि माझी दोस्ती तिथं झाली. तो सॅपर, बोटीचं इंजिन चालवणारा. गाव माणदेशातलं. पहिल्याच दिवशी धक्क्यावर उभा राहून बराच वेळ खाली बघत राहिला. मग माझ्याकडे आला.

"पाटील, पाणी माघारी चाललंय."

"ओहोटी आहे."

"म्हणजे जातं आणि परत येतं?"

"दिवसातून दोनदा."

"कमाल आहे. आमच्याकडं एकदा गेलं की टँकरनं आणावं लागतं."

असा तो. तोंडानं फटकळ, पण कामाला वाघ. इंजिन एका झटक्यात चालू करायचा. पोहणं ट्रेनिंगमध्ये शिकला होता, विहीर सोडून खऱ्या पाण्यात कधी पडला नव्हता. त्यानं धक्क्याच्या बाजूला चिखलात एक काठी रोवली. तिला खाचा पाडल्या. भरती कुठवर आली, किती वाजता थांबली, ते रोज बघायचा. आठवड्यानं माझ्या खोलीत आला. माझं बुलेटिन नुकतंच संपलं होतं.

"तुझं बुलेटिन चुकतंय. तू म्हणतोस भरती अमुक वाजता. माझी काठी म्हणते त्यानंतर तास-सव्वातास पाणी चढतच असतं."

मला हसू आलं. इतक्या दिवसांत माझ्याशी पाण्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. मग मी त्याला सांगितलं. बुलेटिन बरोबर आहे, पण ते हार्बरचं आहे. तिथं भरलेलं पाणी खाडीतून वळसे घेत आमच्या खारीत यायला सव्वा तास लागतो. आणि आमचे लोक रेडिओ ऐकत नाहीत. तिथीचा आकडा धरायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता हार्बरची भरती. तीजेला सव्वादोन. वर सव्वा तास घातला की अंजूरचे साडेतीन. माझ्या बाबांचं हे बोटांवर असायचं. भरती भरली की विडी ओढून होईपर्यंत पाणी जागच्या जागी उभं राहतं. ना वर, ना खाली. तेव्हाच होडी आडवी घालायची.

सोपाननं दोनदा हिशेब करून बघितला. संध्याकाळी काठी तपासली. परत आला आणि दारातूनच म्हणाला, "पंचांग, बरोबर आहे तुझं."

पंचांग हे माझं टोपणनाव. ते कसं पडलं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्याच्या चार वर्षं आधी मी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका पोस्टवर होतो. तिथंही हवामानाचे मेसेज द्यायचो. एकदा अमावास्येला मेसेजच्या शेवटी मी माझ्याकडून एक वाक्य जोडलं. आज उधाण आहे, पाणी नेहमीपेक्षा जास्त चढेल. चढलंही. पण आमच्या सुभेदार साहेबांनी मेसेजची कॉपी तपासली. मला बोलावलं.

"ये आखरी लाइन किसकी है?"

"मेरी, साब."

"तू मौसम विभाग है? पंचांग है?"

पाठीवर पिठ्ठू, हातात रायफल, ग्राउंडला चाळीस चकरा. उन्हाचं. सगळी पोस्ट बघत होती. मग त्यांनी मला समोर उभं केलं आणि शांतपणे समजावलं. ऑपरेटर पाइप आहे. या टोकानं आलं ते त्या टोकानं गेलं पाहिजे. मधे पाइपनं आपलं काही घातलं तर उद्या कुणीतरी मरेल. त्यांचं चुकलं नव्हतं. वायरलेसच्या कामाचा तो पहिलाच नियम आहे. पण पंचांग हे नाव मला चिकटलं, आणि नवीन युनिटला माझ्या आधी पोचायला लागलं. तेव्हापासून मी कधीही, कुठल्याही मेसेजला माझा एक शब्द लावला नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

श्रावणाचा दुसरा दिवस होता. वर शहापूर, मुरबाडकडे तीन दिवस पाऊस पडत होता. नद्यांचं गढूळ पाणी खाडीत उतरलं होतं. झाडाचे बुंधे, मेलेली जनावरं, छपराचे पत्रे वाहत येत होते. भिवंडीत वीज गेली होती. एरवी वारा तिकडून असला की लूमचा खडखडाट अंजूरपर्यंत यायचा. त्या दिवशी अजिबात आवाज नव्हता.

दहाचं बुलेटिन मी घेतलं. तो कागद मला आजही पाठ आहे. उत्तर महाराष्ट्र किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी मुसळधार पाऊस. वारा नैऋत्येकडून, ताशी पंचेचाळीस ते पंचावन्न किलोमीटर, झोत पासष्ट. समुद्र खवळलेला. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. हाय टाइड, हार्बर, तेरा तीस. म्हणजे दुपारी दीड. मी साहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

अकरा वाजता बाबा आले. डोक्यावर पोतं, हातात फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि सुकट. आईनं दिलेली. तारेच्या कुंपणापलीकडून त्यांनी ती मला दिली. जायच्याऐवजी खाडीकडे बघत उभे राहिले.

"आज बीज हाय," म्हणाले. "मोठ्या बंदराला दीड वाजता भरल. आपल्याकडं पावनेतीन. तवर पानी वर येत ऱ्हानार, आनि वरून नदी खाली येतंय. मधी दोन्ही भिडतील. पावनेतीनाच्या आदी कोनाला पान्यात घालू नको."

"बाबा, इथं साहेब ठरवतात."

"मंग सायबाला सांग."

"सांगतो."

"सांगशील ना?"

"सांगतो म्हटलं ना. जा आता, भिजताय."

ते गेले. मी भाकरी खाल्ली. साहेब तंबूत नकाशा बघत होते. मी गेलो नाही. म्हटलं, बोट काढायचं कुठं काय ठरलंय. उगाच आपल्या बापाचं पंचांग घेऊन साहेबापुढं कशाला जा.

बारा वाजून वीस मिनिटांनी भिवंडीहून मेसेज आला. खाडीच्या पलीकडे, अंजूरच्या समोर, रेती काढणारे अकरा मजूर एका उंचवट्यावर अडकलेत. त्यात दोन बायका. रात्रीपासून उपाशी. बोट पाठवा.

साहेबांनी सगळ्यांना धक्क्यावर जमवलं. वयानं सव्वीस-सत्तावीसचे असतील. डोक्यानं हुशार, घाई न करणारे. म्हणाले, पाणी जोरात आहे. धार थांबेल तेव्हा जाऊ. मग माझ्याकडे वळले.

"पाटील, हाय टाइड?"

"सर, तेरा तीस."

"हाय टाइड पे स्लैक होगा. तेरा चालीस पर लॉन्च. वन बोट, फोर मेन. दूसरी स्टैंडबाय."

मी 'हार्बर' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. सकाळी वाचला होता. त्यांनी आकडा विचारला, मी आकडा दिला. पाइपसारखा.

माणसं कामाला लागली. लाइफ जॅकेट, दोर, वल्ही. सोपान इंजिनात पेट्रोल भरत होता. भरून झालं तसा हात पुसत माझ्याजवळ आला. साहेब आमच्यापासून दोन पावलांवर, पाठमोरे उभे. सोपाननं आवाज खाली केला.

"पंचांग, आज बीज ना? मग दीड की पावणेतीन?"

त्याला हिशेब येत होता. मीच शिकवला होता. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

मी साहेबांच्या पाठीकडे बघितलं. सांगायला किती वेळ लागला असता? सर, अंजूरला सव्वा तास उशिरा. एवढंच. फार तर हसले असते. फार तर विचारलं असतं, तुला कसं माहीत. मला त्या क्षणी ग्राउंडच्या चाळीस चकरा आठवल्या. खरं सांगतो, दुसरं काही नाही. अकरा मजूरही आठवले नाहीत.

"बुलेटिन बरोबर आहे," मी म्हणालो.

सोपाननं हात पुसायचं फडकं इंजिनावर टाकलं. "बरं," म्हणाला. "तू म्हणतोस तर."

तेरा चाळीसला बोट सुटली. सोपान इंजिनावर. एक नाईक पुढे, त्याच्याकडे लहान सेट. दोन जवान मधे. मी खोलीत, हेडफोन लावून; वायरलेसवर माझं नाव अल्फा. खिडकीतून खाडी दिसत होती, पण मी लॉगवर लिहीत होतो, म्हणून सगळं आधी ऐकलं आणि मग बघितलं.

"अल्फा, बोट एक. लॉन्च ओके. ओव्हर."

"बोट एक, अल्फा. रॉजर. आउट."

तेरा सेहेचाळीस. "अल्फा, बोट एक. करंट तेज है. ऊपर की तरफ खींच रहा है. ओव्हर."

वरच्या बाजूला ओढतंय. म्हणजे भरती अजून चढत होती. मी उठलो. साहेबांना हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात पुन्हा आवाज आला.

"अल्फा, बीच में पानी अजीब है. दोनों तरफ से..."

तेरा अठ्ठेचाळीस. त्यानंतर काही नाही. मी तीन वेळा कॉल दिला. बोट एक, अल्फा. बोट एक, अल्फा. बोट एक, अल्फा. मग खिडकीतून बघितलं. खाडीच्या मध्यावर नदीचं लाल पाणी आणि भरतीचं काळं पाणी समोरासमोर भिडलं होतं, आणि तिथं एका ओळीत लाटा उभ्या राहत होत्या. बोट उलटी. तीन डोकी पाण्यावर.

दुसरी बोट लगेच घातली. साहेब स्वतः गेले. मध्यात न जाता कडेकडेनं गेले, खालून वळसा घेऊन तिघांना उचललं. सोपान सापडला नाही. इंजिन त्याच्या अंगावर आलं, असं पुढच्या नाईकानं नंतर सांगितलं. जॅकेटचा पट्टा इंजिनाच्या दांड्यात अडकला असावा.

मी सेट सोडून बाहेर जाऊ शकत नव्हतो. भिवंडीला कळवायचं होतं. बोट उलटली, तीन वाचले, एक बेपत्ता. मी कळवलं. पलीकडच्या ऑपरेटरनं विचारलं, नाव? मी नाव दिलं. त्यानं स्पेलिंग विचारलं. मी एकेक अक्षर सांगितलं.

चौदा पंचेचाळीसला खाडी थांबली. मी घड्याळ बघितलं. पावणेतीनला लाटा बसल्या, वाहून आलेली लाकडं जागच्या जागी तरंगायला लागली. साहेबांनी पुन्हा बोट घातली. जाऊन, अकरा मजूर घेऊन, वीस मिनिटांत परत आले. मजुरांच्या पायाशीसुद्धा पाणी पोचलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत थांबले असते तरी चाललं असतं.

बाबा धक्क्यावर आले होते. आमची बोट उलटल्याचं गावभर झालं होतं. त्यांनी कुंपणापलीकडून माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. नंतर मरेपर्यंत कधी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी बरीच वर्षं त्यांच्यासमोर एकटा बसायचं टाळलं.

सोपान तिसऱ्या दिवशी मिळाला. बाबांनी गावातली चार माणसं घेतली, कुठली ओहोटी त्याला कुठवर नेईल याचा अंदाज बांधला आणि खालच्या अंगाला तिवरांत शोधलं. तिथंच होता. काठी मात्र चिखलात तशीच उभी होती. मी ती उपटून खोलीत ठेवली आणि युनिट हललं तेव्हा घरी आणली.

चौकशी झाली. माझा लॉग तपासला. दहाचं बुलेटिन, शब्दन् शब्द बरोबर. हार्बर हा शब्द त्यात होता. बारा वीसचा मेसेज, बरोबर. कॉल, वेळा, सगळं बरोबर. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "और कुछ कहना है?" मी म्हणालो, "नो सर." त्यांनी लॉगवर सही केली. जाताना आमचे कॅप्टन साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यू डिड युअर जॉब." त्यांना सगळी चूक स्वतःची वाटत होती. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तेव्हाही मी मूग गिळून बसलो.

माणसाला कुणी दोष देत नाही, तेव्हा तो कुणाशी बोलणार? बायकोला सांगावं, तर तिनं पाण्याकाठी उभं राहून सगळं बघितलेलं. युनिटमध्ये सांगावं, तर चौकशी बंद झालेली. पुढची सहा वर्षं मी ईशान्येत, मग राजस्थानात होतो. राजस्थानात बरं वाटायचं. तिथं हवामानात भरती-ओहोटी नसते. हेडफोन लावायचो, लिहायचो, द्यायचो. कुणी पंचांग म्हटलं की त्या दिवशी जेवण जायचं नाही.

पेन्शन घेऊन अंजूरला आलो तेव्हा खारीत भर पडायला लागली होती. भाताच्या शेतांवर गोडाऊनचे पाये. बंदरावर होड्या दोनच. बाबा आदल्या वर्षी गेले होते.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी रिक्षा घराशी थांबली. धोतर, मळका फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. रिक्षावाला त्यांच्याशी हिंदीत बोलत होता, ते त्याला मराठीत उत्तर देत होते.

"पाटील फौजी हितंच ऱ्हात्यात का? मी सोपानचा बाप."

मी त्यांना घरात घेतलं. बायकोनं चहा ठेवला. सोपानचे आबा बोलत होते. दहिवडीहून रात्रीच्या एसटीनं आले होते. पाच-सहा वर्षं यायचं म्हणत होते, म्हातारी आजारी, जमलं नाही. आता ती गेली.

"मला पानी बघायचंय," म्हणाले. "सोपाननं लिव्हलं हुतं, हितलं पानी विडी वडस्तवर उभं ऱ्हातं. तसलं बघायचंय."

मी बोटांवर मोजलं. चतुर्थी. तीन, आणि वर सव्वा तास. "सव्वाचारला दिसेल," म्हणालो.

चारला आम्ही धक्क्यावर जाऊन बसलो. पाणी वर येत होतं. आबांनी पिशवीतून एक इनलँड पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं, आतून कागद चिकटवलेला.

"त्याचं शेवटचं. आठ दिस आदी लिव्हल्यालं. शाळंतल्या मास्तरांनी लई डाव वाचून दावलंय, पाठ हाय मला. पर तुमचं नाव हाय ह्यात. तुमच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

मी चष्मा लावला. वाचायला लागलो. आईची तब्येत, शेरडं, बोअर लागलं का. मग ती ओळ आली. मी वाचली, जशी लिहिली होती तशी.

"इथं माझ्याबरोबर पाटील म्हणून खाडीचा माणूस आहे. त्याला पाणी कळतं. तो म्हणेल तेव्हाच मी बोट घालतो. तुम्ही काळजी करू नका."

आबांनी मान हलवली, हा, हेच. मी कागद मांडीवर ठेवला. आणि चाळीस चकरांनंतर पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या मेसेजला माझं वाक्य जोडलं.

"आबा, त्यानं मला विचारलं होतं. दीड की पावणेतीन. मला पावणेतीन माहीत होतं. साहेबापुढं बोलायला घाबरलो आणि दीड होऊ दिलं."

आबा खाडीकडे बघत होते. किती वेळ, ते मी घड्याळात बघितलं नाही. मला वाटलं उठून जातील. मला वाटलं मारतील, मारलं असतं तर बरंच झालं असतं. त्यांनी माझ्या मांडीवरचा कागद उचलला, जुन्या घड्यांवर घडी केली, पिशवीत ठेवला.

"आता थांबलं का पानी?"

समोर एक वाळलेलं पान होतं, ते हलत नव्हतं. "थांबलं," मी म्हणालो.

"किती वाजलं?"

"सव्वाचार."

त्यांनी विडी काढली. पेटवली. संपेपर्यंत ओढली. पान सुटून समुद्राकडे निघालं, तसे ते उठले. रात्रीचं राहा म्हटलं, राहिले नाहीत. रिक्षात बसताना माझ्याकडे न बघता बोलले.

"त्यानं तुमच्यावर इस्वास टाकला, ते माझ्यानं इसरनं हुनार न्हाई. पर हितं लिवून ठिवा. कोन येईल त्येला इचारावं लागू ने."

रिक्षा भिवंडीकडे गेली. पुन्हा ते आले नाहीत. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. बरोबरच आहे त्यांचं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून एक जुना फळा आणला आणि बंदराच्या खोलीला टांगला. खाली सोपानची काठी बांधली, खाचांसकट. रोज सकाळी सहाचं किनाऱ्याचं हवामान रेडिओवर ऐकतो, उतरवून घेतो, जाऊन लिहितो. वारा, पाऊस, समुद्राची स्थिती. मग दोन आकडे. एक मोठ्या बंदराचा, एक अंजूरचा. गोडाऊनचे ड्रायव्हर सिगरेट ओढायला तिकडे येतात, ते विचारतात, "चाचा, ये किसके लिए लिखते हो? यहाँ नाव तो चलती नहीं." मी म्हणतो, ड्युटी आहे.

बीजेच्या दिवशी मी दुसरा आकडा आधी लिहितो.